दहानंतर बारा

प्रिय अप्पा,

तुम्हाला मी आयुष्यात एकच पत्र लिहिलं होतं, बी.एड.च्या हॉस्टेलवरून. ते तुम्ही लाल शाईनं तपासून परत पाठवलंत. खाली शेरा होता, 'मजकूर बरा, शुद्धलेखन कच्चे.' खुशालीचा एक शब्द नाही! तुम्हाला जाऊन आता सहा महिने झाले. तपासणारं कुणी उरलं नाही, म्हणून मनातलं लिहायची हिंमत करते आहे.

पण आजच का लिहायला बसले, ते सांगते. परवा दुपारी नांदेडला जमीन हलली. फार नाही, मांडणीवरची ताटं वाजली आणि थांबली. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना क्लासेस. सगळी पोरं वह्या हातात घेऊन रस्त्यावर आली, हसली, मोबाइल काढले आणि पाच मिनिटांत पुन्हा आत जाऊन बसली. मी मात्र बराच वेळ दाराच्या चौकटीत उभी होते. आत टेबलावर लॅपटॉप उघडा होता. माझ्या लिन नावाच्या विद्यार्थिनीच्या शेवटच्या तासाचं रेकॉर्डिंग मी ऐकत होते आणि ते एका शब्दावर थांबवून ठेवलं होतं. तो शब्द कोणता, हे तुम्हाला मी सांगायला नको.

लिनबद्दल तुम्हाला थोडं बोलले होते, आठवतं? तुम्ही हसला होतात. 'लातूरची बाई चिन्याला इंग्रजी शिकविते, आता इंग्रजानं काय करावं?' असं म्हणाला होतात. काय करणार अप्पा, पोटापाण्याचा प्रश्न होता. डॉक्टर व्हायच्या परीक्षेत इंग्रजीचा पेपरच नाही. बिलोलीपासून हिमायतनगरपर्यंतचे आईबाप पोरांना इथं खोल्या करून ठेवतात, त्यांच्या लेखी फिजिक्सचा सर म्हणजे देव आणि इंग्रजीची मॅडम बोर्डापुरती. माझी बॅच साठावरून अकरावर आली, तेव्हा मी एका ऑनलाइन कंपनीत नाव घातलं. दुपारी साडेचारला माझा तास सुरू व्हायचा, तेव्हा तिकडं चीनमध्ये लोक जेवणं आटोपून बसलेले असायचे.

लिन तिशीची. डोंगराळ भागातली. सिमेंटचे पाइप करणाऱ्या कारखान्यात कारकून. पहिल्याच तासाला मी विचारलं, इंग्रजी कशाला हवं? मला वाटलं, सगळे सांगतात तसंच सांगेल, फिरायला जायचंय, सिनेमे बघायचेत. ती म्हणाली, तिला दुभाषी व्हायचंय. त्यांच्या कंपन्या आफ्रिकेत रस्ते आणि कालवे बांधतात. इंजिनियर चिनी बोलतात, मजूर तीन तऱ्हेच्या भाषा बोलतात, आणि दोघांच्या मधे फक्त इंग्रजी असते. 'ती तिथं कुणाचीच नाही, म्हणून सगळ्यांना चालते,' असं ती म्हणाली. इंग्रजी आलं तर ती साइटवर जाणार, नाही आलं तर त्याच टेबलावर म्हातारी होणार.

मला ते फार आवडलं होतं. दिवाळीत लातूरला आले तेव्हा मी कौतुकानं तुम्हाला सांगितलं. तुम्ही बशीत चहा ओतत होतात. हात थांबला. म्हणालात, "मधी उभं राहणाऱ्या माणसानं लई सांभाळून असावं, सुनंदा. तो चुकला तर कुणालाच कळत न्हाई." आणि चहा तसाच ठेवून तुम्ही अंगणात गेलात. मला वाटलं, वय झालं की माणूस असं बोलतो. किती मूर्ख मी!

आता मागचं बोलू या. आपण दोघं त्यावर कधीच बोललेलो नाही.

भूकंपानंतर आठवड्याभरानं तो परदेशी इंजिनियर आपल्या गावी आला. किल्लारीकडं गावंच्या गावं गेली होती. रेणापूरजवळच्या आपल्या गावात माणूस गेलं नव्हतं, भिंतींना तडे गेले होते. सगळा गाव बाहेर, कुणी पत्र्याखाली, कुणी ताडपत्रीखाली. तहसीलचा माणूस जीपमधून उतरला आणि त्यानं विचारलं, इथं इंग्रजी कुणाला येतं? सगळ्यांनी तुमच्याकडं बोट केलं. तुम्ही धोतराचा सोगा सावरत पुढं झालात, आणि मी दहावीतली शहाणी, तुमच्या मागोमाग. तुमचा मला केवढा अभिमान वाटला होता तेव्हा!

तो कुठल्या देशाचा होता, मला आजही माहीत नाही. इंग्रजी त्याचीही नव्हती, एकेक शब्द जपून बोलायचा. भगवानकाकांच्या घरापाशी तो बराच वेळ थांबला. दगडमातीची भिंत, वर मातीचं जड माळवद. तड्यात त्यानं तळहात घालून बघितला आणि म्हणाला, 'धिस वॉल विल हार्डली स्टँड अनदर शॉक.' बोलताना त्यानं मान हलवली. आपल्याला ती होकाराची वाटली.

तुमचा नियम होता, एल-वाय दिसलं की मराठीला 'पणे' लावा. ऑनेस्टली प्रामाणिकपणे, काम्ली शांतपणे, क्लिअरली स्पष्टपणे. सायक्लोस्टाइल केलेला वीस शब्दांचा तक्ता होता, आणि त्याच्या जोरावर तालुक्यातली पोरं इंग्रजीत पास होत होती. अकरा नंबरला होतं, हार्डली, घट्टपणे. तुम्ही क्षणभर थांबलात, अप्पा. मी ते बघितलं. आणि मी, मागून, हळूच म्हणाले, 'घट्टपणे.' वर्गात बरोबर उत्तर देणाऱ्या पोरीकडं बघावं तसं तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग भगवानकाकांकडं वळून म्हणालात, "भगवानराव, साहेब म्हणतेत, आणखी एखादा हादरा बसला तरी भिंत घट्ट उभी राहील."

मी बोलले नसते तर तुम्ही त्याला पुन्हा विचारलं असतं का? तुम्ही थांबला होतात ते त्यासाठीच का? हा प्रश्न मी किती वेळा स्वतःला विचारला असेल.

भगवानकाकांच्या बायकोनं, शेवंताकाकूंनी, त्याच दिवशी चूल आत नेली. वाऱ्यानं आणि राखेनं त्या वैतागल्या होत्या. घरात त्यांचा चार वर्षांचा दत्ता. त्याला मात्र आजीनं बाहेरच ठेवलं, म्हातारी कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. नऊ दिवसांनी भर दुपारी जमीन पुन्हा हलली. परवा नांदेडला हलली तेवढीच, अप्पा, त्याहून जास्त नाही. काकू भाकरी थापत होत्या.

गावानं दोष साहेबाला दिला. परक्या माणसाला आपल्या मातीचं काय कळणार, असं जो तो म्हणत होता. तुम्ही काहीच बोलला नाहीत. काकूंचं तेरावं होईपर्यंत रोज भगवानकाकांच्या शेजारी जाऊन बसत होतात.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही शाळा सोडली आणि आपण लातूरला आलो. दत्ताला तुम्ही बरोबर आणलंत. आई म्हणाली, आपलीच दोन पोरं जड झालीत. तुम्ही तिच्यावर आवाज चढवलात, तो मी पहिल्यांदा ऐकला. लातूरला तेव्हा क्लासचं पीक नुकतंच वर येत होतं. बघता बघता तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहायला जागा राहिली नाही. दत्ता तुमच्या ताटाशेजारी जेवला, तुमच्या खोलीत झोपला, शिकला, नोकरीला लागला. लोक म्हणायचे, मास्तर म्हणजे देवमाणूस. मीही म्हणायचे. भावाला आणि मला कधीकधी दत्ताचा हेवा वाटायचा, हे आज कबूल करते.

अकरावीत कॉलेजमध्ये सरांनी एक धडा वाचला. त्यात एक म्हातारा होता, 'ही कुड हार्डली वॉक.' सरांनी अर्थ सांगितला, त्याला जेमतेम चालता येत होतं. मी हात वर करून म्हणाले, नाही सर, तो घट्टपणे चालत होता. वर्ग खो खो हसला. मी लायब्ररीत जाऊन डिक्शनरी काढली. मग दुसरी काढली. दोन्हीत तेच. जेमतेम. क्वचितच. जवळजवळ नाहीच.

घरी आले तेव्हा तुम्ही फळ्यावर तक्ता लिहीत होतात. मला बघून विचारलंत, तोंड का उतरलंय? डोकं दुखतंय, म्हणाले. तुम्ही अमृतांजनची बाटली काढून दिलीत. मी ते कपाळाला लावलं आणि तोंड मिटलं, ते तीस वर्षं मिटूनच राहिलं. मला वाटायचं, तुम्हाला माहीत नाही. मला वाटायचं, मी तुम्हाला वाचवते आहे.

तुमच्या नोट्समध्ये दहानंतर बारा होतं, ते मी कितीदा बघितलं. काम्ली दहा, फर्म्ली बारा. पोरं त्यावरून चेष्टा करायची, सरांना मोजता येत नाही म्हणायची. एकदा जेवताना दत्तानं विचारलं, सर, अकरा नंबर कुठं गेला? तुम्ही म्हणालात, तो शब्द परीक्षेला येत नाही. मी मान खाली घालून भात कालवत बसले. प्रेसवाल्याची चूक असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. खरं सांगू? ती समजूत सोयीची होती.

तुमच्या तेराव्यानंतर आई म्हणाली, ही रद्दी आवर. गठ्ठ्यात लातूरच्या पहिल्या वर्षीची हस्तलिखित प्रत सापडली, प्रेसला दिलेली. अकरा नंबरवर काट मारलेली होती आणि शेजारी तुमच्या लाल शाईत लिहिलेलं होतं, 'वगळावा. क्रमांक बदलू नये.' तारीख मे महिन्याची. म्हणजे मी अमृतांजन चोळत होते त्याच्याही आधी तुम्हाला कळलेलं होतं!

मी खूप रडले, अप्पा, आणि तितकीच चिडले. क्रमांक बदलू नये म्हणजे काय? ती रिकामी जागा तुम्ही कुणासाठी ठेवली होती? रोज फळ्यावर दहानंतर बारा लिहून स्वतःला शिक्षा केलीत, आणि भगवानकाकांना एका वाक्यानं सांगितलं नाहीत. दुसऱ्यांच्या चुका लाल शाईनं गोल करण्यात तुमचं आयुष्य गेलं. स्वतःची गाळून टाकलीत. आणि मी लेक तुमचीच.

कशी ते ऐका. लिनच्या गृहपाठात तिसऱ्याच आठवड्यात वाक्य आलं, 'आय वर्क हार्डली.' तिला म्हणायचं होतं, मी फार मेहनत करते. मी विचारलं, कुठं शिकलीस? ती म्हणाली, शाळेत. त्यांच्याकडंही तसाच नियम आहे, एल-वाय दिसलं की चिनी शब्दाला 'द' जोडायचा. तुमचा 'पणे', त्यांचा 'द'! मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. कंपनीचा एक नियम आहे, एका तासात दोनांहून जास्त चुका दाखवायच्या नाहीत, माणूस नाराज होतो, तारे कमी देतो. मी तिला दुसऱ्या दोन चुका दाखवल्या. पुढं सात-आठ महिने तो शब्द आला की मी पुढचा प्रश्न घेत गेले. माझ्याही तक्त्यात अकरा नंबर नव्हता.

लिनची निवड झाली. तीन आठवड्यांपूर्वी ती साइटवर गेली आणि कोर्सचा शेवटचा तास तिथूनच घेतला. मोबाइल फिरवून तिनं मला काम दाखवलं. दोन पुरुष खोल चर, कडेची माती धरायला लाकडी टेकू लावलेले, खाली माणसं. ती आनंदात होती. तिथला मुकादम तिला इंग्रजीत सांगतो, ती चिनी इंजिनियरला सांगते, आणि इंजिनियर म्हणेल तसं काम पुढं सरकतं. मग सराव म्हणून तिनं एक वाक्य म्हटलं, 'द सपोर्ट विल हार्डली होल्ड.' टेकू घट्ट धरून ठेवेल, असं तिला म्हणायचं होतं. मी काय केलं, अप्पा? तिचा 'सपोर्ट'चा उच्चार सुधारला. तास संपला. तिनं मला पाचही तारे दिले.

परवा ताटं वाजली तेव्हा मी तेच वाक्य पुन्हा ऐकत होते. उद्या तो मुकादम वर बघून हेच वाक्य खऱ्या अर्थानं म्हणाला तर? ती हसून इंजिनियरला सांगेल, धरून ठेवेल म्हणतोय. आणि माणसं खाली उतरतील.

चौकटीतून आत आल्यावर आधी तिला निरोप पाठवायला गेले, तर तिचं खातं बंद झालेलं. कोर्स संपला की आम्हाला विद्यार्थ्यांशी बोलता येत नाही. कंपनीला फोन केला. तिथला मुलगा आदबीनं म्हणाला, मॅडम, एका शब्दासाठी आम्ही कुणाला त्रास देत नाही. मी हट्टच धरला तेव्हा म्हणाला, एक फॉर्म आहे, 'शिक्षकाने चुकीचे शिकवले' असा. तो भरला तर निरोप पुढं जातो, पण तुमचे तास बंद होतात. मी विचार करते म्हणाले. फोन ठेवला आणि खरंच विचार करत बसले, अप्पा. अख्खी रात्र आणि पुढचा अख्खा दिवस! माती काय माझ्यासाठी थांबणार होती?

काल संध्याकाळी फॉर्म भरला. त्यात एक रकाना होता, चूक केव्हा लक्षात आली. मी लिहिलं, अकरावीत. त्या मुलाचा लगेच फोन आला, मॅडम, तारीख टाका. टाकली. आज सकाळी माझ्या पानावरचे सगळे तास पुसलेले होते. लिनचं उत्तर आलेलं नाही. निरोप तिच्यापर्यंत पोचला की नाही, हेही कुणी सांगत नाही. दर थोड्या वेळानं मी फोन बघते आणि उलटा ठेवते.

मग मनात आलं, जिथून सुरू झालं तिथं आधी जाऊ. भगवानकाकांना फोन केला. आता ते सत्तरीच्या पुढं आहेत. तुमच्या तिरडीला पहिला खांदा त्यांनी दिला होता, भावाच्याही आधी. रस्ताभर दुसऱ्या कुणाला बदलू दिलं नाही. मी म्हणाले, काका, रविवारी गावी येते, तुम्हाला एक सांगायचंय. अप्पांबद्दल आहे. थोडं माझ्याबद्दलही.

पलीकडं खाट करकरली, काका उठून बसले असावेत.

मग काका म्हणाले, "त्या विंग्रजी शब्दाचं हाय का, बाई?"

काका तसेच सावकाश बोलत राहिले. दत्ता कॉलेजात गेल्यावर त्यानं तो अकरावा शब्द शोधून काढला होता. गावातल्या कुणाकडून तरी जुना तक्ता मिळवला होता. साहेब काय म्हणाला होता ते तहसीलच्या माणसानं तेव्हा ऐकलं तसं टिपून ठेवलं होतं, त्याच्याकडून त्यानं वाक्य घेतलं आणि बापाला सगळं समजावून सांगितलं. म्हणजे वीस वर्षं होत आली. मी कसंबसं विचारलं, काका, मग तुम्ही अप्पांना कधी बोलला का नाहीत?

"मास्तर आपून सांगतील म्हणून वाट बघून राहिलो," ते म्हणाले. "दर दिवाळीला यायचे. चहा घ्यायचे. मला वाटायचं, आज सांगतील. खांदा दिला तवाबी वाटलं, आता तरी बोला, मास्तर."

मी एवढंच म्हणाले, रविवारी येते, काका.

वीस दिवाळ्या, अप्पा. समोर बसलेल्या माणसाला सगळं माहीत होतं आणि तुम्ही चहा पिऊन परत येत होतात. तुम्ही एक वाक्य बोलायचा अवकाश होता, तो माणूस तुम्हाला माफ करायला बसला होता. की माफ करणार नव्हता? हे आता तुम्हालाही कळणार नाही, मलाही नाही. त्या घरात तुमच्यासाठी काय ठेवलेलं होतं, ते न घेताच तुम्ही गेलात.

मी रविवारी जाणार आहे. जे असेल ते मी घेईन. आधी माझं नाव सांगेन, 'घट्टपणे' हे मी म्हणाले होते, अप्पा थांबले होते, असं सांगेन. मग तुमची ती मे महिन्याची प्रत त्यांच्यापुढं ठेवेन. तुम्हाला झाकणार नाही, आणि तुमच्याआड लपणारही नाही. आणि लिनचं उत्तर येईपर्यंत त्या कंपनीला रोज फोन करेन, त्यांनी नंबर अडवला तर दुसऱ्याच्या फोनवरून करेन. हे वचन समजा.

आत्ता पुन्हा फोन बघितला. अजून काही आलेलं नाही.

तुमची,
सुनंदा